डिमेन्शिया आणि रिकामी दुपार: एकटेपणामुळे वागणं आणि मनःस्थिती कशी बदलते

निशिगंधा

डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालेल्या माणसाला घेऊन घरचे डॉक्टरांकडे येतात तेव्हा त्यांची तक्रार विसरण्याबद्दल फारशी नसते. तक्रार असते ती 'दिवसभर हाका मारतात', 'संध्याकाळ झाली की घरी जायचं म्हणून दार धरून उभ्या राहतात', 'बाईवर चोरीचा आळ घेतात', किंवा 'हल्ली बोलतच नाहीत, नुसत्या बसून असतात' अशी. आजार वाढला असं समजून औषध वाढवून मागितलं जातं. माझं म्हणणं असं की यातला बराच भाग रिकाम्या तासांचा असतो आणि तो कमी करता येतो. म्हणून हा धागा.

कारण नीट समजून घेऊ. निरोगी माणूस एकटा असला तरी उठून चहा करतो, पेपर उघडतो, कुणाला तरी फोन लावतो. डिमेन्शियात आपणहून सुरुवात करण्याची क्षमता लवकर जाते. हात चालतात, आवड असते, पण पहिलं पाऊल कुणीतरी टाकून द्यावं लागतं. ते देणारं कुणी नसेल तर माणूस बसून राहतो. दुसरं, वेळेचा अंदाज राहत नाही. सून दहा मिनिटं खाली भाजी आणायला गेली तरी आत बसलेल्या सासूबाईंना ती सकाळपासून नाही असं वाटू शकतं. मग हाका, मग मागे मागे फिरणं, मग दार. तिसरं, शंका आली तर विचारायला कुणी नसतं. पाकीट जागेवर दिसलं नाही की डोक्यात तयार झालेली गोष्ट तशीच पक्की होते: कुणीतरी चोरलं.

आणि यातून एक चक्र सुरू होतं. वागणं विचित्र झालं की पाहुणे येईनासे होतात, शेजारी टाळतात, घरचे त्यांना लग्नामुंजीला नेत नाहीत. माणसं कमी झाली की वागणं आणखी बिघडतं. हे चक्र कुठे तोडता येतं, त्याबद्दल जाणकारांनी तपशिलात लिहावं.

दक्षिणायन

चांगला विषय. जिस्का कोहेन-मॅन्सफील्ड या संशोधिकेने १९९० च्या दशकात वृद्धनिवासांमध्ये यावर बारकाईने काम केलं. सतत ओरडणाऱ्या, हाका मारणाऱ्या रहिवाशांना तीन गोष्टी देऊन पाहिल्या: समोर बसून गप्पा, घरच्या माणसाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आणि आवडतं संगीत. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गप्पांच्या वेळी ओरडणं ५६ टक्क्यांनी घटलं, व्हिडिओने ४६, संगीताने ३१, आणि काहीच न करता १६. म्हणजे रेडिओ लावून देणं अगदीच निरुपयोगी नाही, पण माणसाची जागा तो घेत नाही.

दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, 'व्हेल्ड' नावाचा, ६९ नर्सिंग होममध्ये झालेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध. कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री सेवेचं प्रशिक्षण दिलं आणि प्रत्येक रहिवाशाला त्याच्या आवडीनुसार आठवड्याला साधारण एक तास संवाद मिळेल असं पाहिलं. नऊ महिन्यांनी अस्वस्थता कमी आणि जीवनमान बरं. आठवड्याला एक तास, एवढंच. घरी याहून जास्त सहज जमतं.

मात्र एक इशारा आधीच देतो. सगळं खापर एकटेपणावर फोडू नका. बदल एक-दोन दिवसांत अचानक आला असेल, माणूस कधी गुंगीत तर कधी भडकलेला असेल, तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या बिघाडामुळे अचानक येणारा भ्रम. लघवीचा संसर्ग, चार दिवस न झालेलं पोट, पाणी कमी, सोडियम उतरलेलं, न सांगता येणारं दुखणं, किंवा नवीन औषध. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, लघवी रोखण्याच्या काही गोळ्या यात मोठ्या गुन्हेगार आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकटेपणामुळे येणारा बदल आठवड्यांनी साचतो, ठरावीक वेळी दिसतो आणि सोबत मिळाली की त्या वेळेपुरता तरी ओसरतो. हा फरक लक्षात ठेवा.

रानजाई

पण आमच्याकडे घरात पाच माणसं असतात. अशा घरात एकटेपणा कसा येईल?

निशिगंधा

@रानजाई, घर भरलेलं असूनही हे होतं, आणि घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. मोजायचं कसं ते सांगते.

एक वही घ्या, पाच रकाने आखा: वेळ, आधी काय चाललं होतं, त्यांनी काय केलं, किती मिनिटं टिकलं, जवळ कोण होतं. सात दिवस भरा. भरताना मत लिहू नका, दिसलं ते लिहा. 'त्रास दिला' नको, '४:२० ला दाराची कडी वाजवली, घरी सोडा म्हणाले, १५ मिनिटं, स्वयंपाकघरात मी एकटी, ते हॉलमध्ये' असं हवं.

त्याच वहीत मागच्या पानावर आणखी एक मोजणी करा: दिवसभरात त्यांच्याशी डोळ्यांत बघून किती मिनिटं बोललं गेलं. 'उठा', 'गोळी घ्या', 'हात वर करा', 'तिकडे नको' हे धरायचं नाही. अंघोळ घालताना कुणी त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोललं तर तेही नाही. भरलेल्या घरातही हा आकडा दहा-बारा मिनिटांवर येतो तेव्हा घरचे हबकतात.

आठवड्यानंतर दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. बहुतेकांची गडबड दोन जागी गोळा झालेली दिसते: जेवणानंतरची दुपार आणि साडेचार ते सात. दुपारभर कुणी नाही, माणूस खुर्चीत दोन-अडीच तास झोपतो. संध्याकाळी अचानक सगळे घरी येतात: बेल, कुकर, टीव्ही, मुलांचा क्लास. रिकामपण आणि गोंगाट लागोपाठ. 'संध्याकाळचं बिघडणं' म्हणतात त्याला मेंदूचं घड्याळ बिघडणं हे कारण आहेच, पण या दुपारचा त्यात मोठा वाटा असतो.

मग दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या-पाऊण तासावर आणा. साडेतीनला १५-२० मिनिटांची सोबत ठेवा. खिडकीबाहेर अंधार पडण्याआधी दिवे लावा आणि पडदे ओढा, नाहीतर काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब 'बाहेर कोण उभं आहे' होऊन बसतं. गुन्हेगारीच्या मालिका आणि भांडणाऱ्या चर्चा त्या वेळी बंद. टीव्हीतला माणूस आणि घरातला माणूस यातला फरक पुसट झालेला असतो.

मीठभाकर

घरी राहून सेवा देणाऱ्या मावशी आणि मामांना शिकवण्याच्या अनुभवावरून थोडं.

सेवक पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली बाई बारा तास घरात असते, म्हणून घरच्यांना वाटतं सोबत आहे. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की बोलणं हेही तिचं काम आहे. डायपर, औषध, जेवण झालं की ती मोबाइल बघते, आणि यात तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला एक पानभर माहिती लिहून द्या, तिला वाचता येईल त्या भाषेत: त्यांना काय नावाने हाक मारायची (आई, काकू, की शाळेतल्या बाई), गाव कुठलं, नोकरी काय केली, भावंडं किती, काय आवडीने खातात, कुठलं स्तोत्र पाठ आहे, कशाची भीती वाटते, कुठला विषय काढायचा नाही. सोबत दहा-बारा मोठे फोटो, मागे नावं लिहून. बाई बदलणार असेल तर जुनी आणि नवी एक दिवस तरी एकत्र ठेवा. दर आठवड्याला नवा चेहरा येत असेल तर अंघोळीला होणाऱ्या मारामारीचं कारण शोधायला लांब जायला नको.

भाषेकडेही बघा. आजार वाढतो तशी बरेचदा नंतर शिकलेली भाषा आधी सुटते. उत्तम हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या आजोबांना आता फक्त मराठी कळत असेल आणि बाई हिंदीच बोलत असेल, तर ते दिवसभर परक्या मुलखात असल्यासारखे असतात. बाईला वीस-पंचवीस मराठी वाक्यं शिकवा, त्यांच्या बोलीतली.

आणि पाहुण्यांबद्दल. आपल्याकडे येणारा प्रत्येक जण आल्या आल्या विचारतो, "ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?" कृपा करून हे थांबवा. ही परीक्षा असते, त्यात नापास होणं ठरलेलं असतं, आणि नापास झालेला माणूस पुढच्या वेळी दार वाजलं की आतल्या खोलीत जातो. पाहुण्याने समोरून यावं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसावं आणि स्वतःच सांगावं: "मावशी, मी सुमनचा धाकटा, नाशिकहून आलोय." एका वेळी एक वाक्य. मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. उत्तर येतं, पण उशिरा येतं, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकून ते चिरडतो. एका वेळी दोनच माणसं, अर्ध्या तासाच्या आत, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास.

कुंदन

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार करण्याच्या, बाजूने लिहितो. 'त्यांच्याशी काय बोलायचं?' हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बोलायला विषय नसला तर हाताला काम द्या, बोलणं आपोआप होतं.

मटार सोलण्याचं उदाहरण घेऊ. किलोभर पिशवी पुढे ठेवली तर माणूस घाबरतो आणि हात लावत नाही. एक वाटीभर शेंगा, पसरट ताटात, डावीकडे. उजवीकडे रिकामं स्टीलचं भांडं. दाणा पडला की आवाज येतो, आणि तो आवाजच पुढची शेंग उचलायला लावतो. सालांसाठी तिसरं भांडं ठेवू नका, साली ताटातच राहू द्या. तीन जागा झाल्या की गोंधळ होतो. तुम्ही समोर न बसता काटकोनात बसा आणि स्वतः एक शेंग सोला, न बोलता. सुरुवात झाली नाही तर त्यांच्या हाताखाली तुमचा हात ठेवून पहिली शेंग एकत्र फोडा. दाणे सालात पडले, साली दाण्यांत पडल्या, तरी दुरुस्त करायचं नाही. पंधरा मिनिटांनी थांबवा, कंटाळण्याआधी. 'झालं बरं का, आज उसळीला पुरतील' एवढं म्हणा आणि खरोखर त्याची उसळ करा.

असंच मेथी निवडणं, वाती वळणं, देवाच्या फुलांची ताटली लावणं, टॉवेलच्या घड्या. नोकरी केलेल्या पुरुषांना बरेचदा कागद आवडतात: जुनी पासबुकं, पाकिटं, शिक्का मारणं, पत्त्यांचे रंग वेगळे करणं. पाठ झालेलं फार उशिरापर्यंत टिकतं. वाक्य पुरं करता न येणारी माणसं रामरक्षा, हरिपाठ, आरती, अगदी पावकी-निमकीसुद्धा सलग म्हणतात. तुम्ही पहिला चरण सुरू करून द्यायचा.

काय बिघडतं? तोंडात घालण्याची सवय लागलेली असेल (मेंदूचा पुढचा भाग बिघडतो त्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात विशेष) तर कच्चे दाणे, मणी, गुंज काही नको. त्यांना कापड आणि मोठ्या वस्तू द्या. गिळायला त्रास असेल तरी तेच. आणि लहान मुलांची खेळणी पुढे टाकू नका. अपमान कळतो, तो शेवटपर्यंत कळतो.

सावली

थोडा विरोध नोंदवते. 'सोबत द्या' म्हटलं की लोक गणपतीत चाळीस माणसांच्या मध्ये आजींना नेऊन बसवतात आणि रात्रभर घर जागं राहतं. शिवाय काही माणसं आयुष्यभर एकलकोंडीच असतात. त्यांना आता समूहात ढकलणं हा अन्याय नाही का?

कुंदन

अन्यायच आहे, सहमत. ज्याला गर्दी कधीच मानवली नाही त्याच्यासाठी सोबत म्हणजे शेजारी बसून पेपर वाचणं. एकाच खोलीत दोघं आपापलं काम करताहेत, मधूनमधून एक वाक्य. आधी दिलेल्या वहीत तेही दिसतं: कुणाबरोबर शांत होते आणि कुणाबरोबर उठून गेले.

सणाला: दर्शन सकाळी लवकर, गर्दीआधी, वीस-तीस मिनिटं. मग आतल्या खोलीत एक ओळखीचं माणूस पाळीपाळीने. ती खोली आणि ते माणूस आधी ठरवा, ऐन आरतीत नाही. जास्त झाल्याची चिन्हं लवकर दिसतात: पदर किंवा शर्टाची कड चुरगळणं, तेच वाक्य परत परत, पुन्हा पुन्हा उठणं. इथेच बाहेर काढा. रडू किंवा ओरडणं सुरू झाल्यावर उशीर झालेला असतो.

सातासमुद्रापार

परदेशातल्या मुलांसाठी व्हिडिओ कॉलबद्दल कुणी सांगेल का? कॉलनंतर आई जास्तच अस्वस्थ होते असं अनेक घरांतून ऐकू येतं.

मीठभाकर

@सातासमुद्रापार, होतं तसं, आणि त्याची कारणं बहुधा तांत्रिक असतात. फोनचा पडदा लहान, पलीकडे चार जण एकदम बोलतात, आवाज मागेपुढे. टॅबलेट किंवा टीव्हीवर घ्या. पलीकडे एकच माणूस, प्रकाश तोंडावर, चेहरा पडदाभर. दहा मिनिटं पुरे. अलीकडे कुणीतरी शेजारी बसायलाच हवं, हातात हात घेऊन, ऐकू न आलेलं परत सांगायला. वेळ रोज तीच ठेवा. भारतात सकाळी आठ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे साडेदहा, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे साडेसात. संध्याकाळी सहाचा कॉल टाळा.

अस्वस्थता येते ती शेवटामुळे. पडद्यावरचा मुलगा एकदम नाहीसा होतो आणि 'आत्ता इथे होता, कुठे गेला?' म्हणून शोध सुरू होतो. दोन मिनिटं आधी सांगा, "आई, मी आता कामावर निघतो, उद्या सकाळी परत बोलू", हात हलवा, आणि कॉल संपताच शेजारच्याने चहा किंवा फुलांची ताटली पुढे करावी. मधल्या वेळासाठी मुलाने दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवावं: नाव घेऊन हाक, एखादी जुनी सुखाची आठवण, प्रश्न एकही नाही. वर दक्षिणायन यांनी सांगितलेला व्हिडिओचा उपयोग तो हाच. पण ते बघून रडू येत असेल तर बंद करा.

दक्षिणायन

मनःस्थितीबद्दल राहिलं होतं. उदासीनता आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदासीन माणूस दुःखी नसतो, त्याला कशाचंच काही वाटत नाही. सोबत घेऊन सुरुवात करून दिली की तो सामील होतो. नैराश्यातला माणूस आवडत्या गोष्टीतही खुलत नाही, रडतो, 'मी ओझं आहे' म्हणतो, जेवण टाकतो, पहाटे लवकर जागा होतो. डॉक्टर यासाठी कॉर्नेल मोजपट्टी वापरतात: १९ मुद्दे, प्रत्येकी ० ते २ गुण, माहिती घरच्यांकडून आणि रुग्णाकडून मिळून. १० च्या वर गेलं तर गंभीर नैराश्याची शक्यता धरतात. मरणाची भाषा असेल तर मोजत बसू नका, लगेच दाखवा.

घरात सर्वांत दुर्लक्षित राहतात ते उदासीन लोक, कारण ते 'त्रास देत नाहीत'. शांत बसलेत म्हणजे बरं चाललंय असं धरलं जातं. वजन उतरतं, पोट साफ होत नाही, दिवसा झोप आणि रात्री जाग. वजन महिन्यातून एकदा नोंदवा.

औषधांचं स्पष्ट सांगतो. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत डिमेन्शियातल्या नैराश्यावर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन ही दोन्ही खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण गोळी सुरू आहे म्हणून माणसांची गरज संपली असंही नाही. अस्वस्थतेसाठी दिली जाणारी रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन वगैरे औषधं डिमेन्शियातल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये तसा ठळक इशारा दिला. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियाच्या प्रकारात ती फारच जपून द्यावी लागतात. जिवाला धोका होईल इतकी आक्रमकता असेल तर लागतातही. तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: चार आठवड्यांत फरक नाही पडला तर काय, आणि फरक पडला तर कमी कधी करून बघायचं? अमेरिकी मानसोपचार संघटनेची २०१६ ची शिफारस चार महिन्यांच्या आत कमी करून बघण्याची आहे.

आणि कान! घरात बसून एकटं पडण्याचं सर्वांत साधं कारण. आधी मळ तपासा, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे, काडी घालून नाही. श्रवणयंत्र नवीन असेल तर शांत खोलीत रोज अर्धा तास, मग हळूहळू वाढवा. कानात ठेवत नसतील तर हेडफोन लावलेला हातातला आवाजवर्धक वापरा, गप्पांपुरता. चष्म्याच्या काचा रोज पुसा. ऐकू नीट न येणाऱ्याला कुजबुज ही आपल्याविरुद्धचा कट वाटते, आणि संशयाचे निम्मे प्रसंग तिथून सुरू होतात असं म्हटलं तरी चालेल.

रानजाई

वही आजपासून सुरू करते. आणखी एक प्रश्न. तीन भावांनी आई तीन-तीन महिने वाटून घेतली आहे, अशी बरीच घरं आहेत. ते योग्य का?

निशिगंधा

@रानजाई, या आजारात नाही. दर तीन महिन्यांनी संडास कुठे आहे तिथपासून नवीन शिकायचं, आणि शिकण्याचीच क्षमता गेलेली. खालचा वॉचमन, भाजीवाला, समोरच्या काकू, ही जुजबी वाटणारी ओळखसुद्धा दर वेळी शून्यावर येते. शक्य असेल तर आई एका जागी आणि भाऊ-वहिनी पाळीपाळीने तिच्याकडे, किंवा बाकीच्या दोघांनी खर्च आणि शनिवार-रविवार उचलावेत. हलवणं अटळ असेल तर तीच चादर, तेच देव, तेच घड्याळ न्या, पलंग भिंतीच्या त्याच बाजूला लावा, संडासाच्या दारावर मोठं चित्र. पहिले दोन आठवडे बिघडलेलंच असणार, तेवढ्यावरून औषध वाढवू नका.

'हे कुठेत?' असं गेलेल्या नवऱ्याबद्दल विचारलं तर दर वेळी मृत्यूची बातमी देऊ नका. त्यांच्यासाठी ती दर वेळी पहिली असते. "आठवण येतेय ना त्यांची? काय आवडायचं त्यांना?" इकडे वळवा. बहुतेक वेळा तो प्रश्न सोबतीचा असतो.

सावली

सांभाळणाऱ्याच्या एकटेपणाचं कुणी बोललं नाही. बायको किंवा सून वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नाही. तिचा आवाज चढतो, आणि समोरचा माणूस शब्द विसरला तरी सूर बरोबर ओळखतो. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले गृहसल्लागार सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा घरी जात, आजार समजावून सांगत, वागण्याला कसं तोंड द्यायचं ते शिकवत. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. त्यासाठी मोठं रुग्णालय लागलं नाही.

म्हणून आठवड्यातले दोन ठरावीक अर्धे दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहून टाका. 'लागलं तर सांग' म्हणणाऱ्या नातेवाइकाला 'मंगळवारी चार ते सात' असं नेमकं काम द्या. डे-केअर जवळ असेल तर पहिल्या दिवशी एक तास, घरचं माणूस तिथेच बसून. मग दोन तास, मग एकटं. आठवड्यातून दोन-तीनदा, त्याच वारी, त्याच खुर्चीत. पहिले दोन-तीन आठवडे नकार येतो, तेवढ्यावर सोडू नका. जागा बघायला जाल तेव्हा विचारा: किती जणांमागे एक कार्यकर्ता, संडासला कोण नेतं, आणि तुम्ही उभे असताना टीव्ही चालू आहे का आणि त्याकडे कुणी बघतंय का.

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७, आणि सांभाळणाऱ्याचंच मन खचलं असेल तर टेलि-मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत.